पट्ट्यावरून उतरलेले हेडमास्तर

वरूड,
२४ ऑगस्ट २०२४

चि. चंद्रभान यास अनेक आशीर्वाद.

तू विसरला असशील म्हणून आधी ओळख द्यावी लागून राहिली. मी पार्बता. तुही मोठी बहीण. वरूडले असते, संत्र्याच्या बगीच्यात. राखीच्या दिवशी दारात पाट मांडून दुपारपर्यंत बसली होती ते मीच. छत्तीस वर्षं दुसऱ्याच्या पोट्ट्यांकडून पाढे पाठ करून घेतले तू, हेडमास्तर होऊन रिटायर झाला, अन् राखी कोनत्या पुनवेले येते ते तुलेच पाठ नाही.

फोन काहून नाही केला म्हणशील. फोनवर तू "बरं, बरं" म्हणून निसटून जातं. कागदावर तसं जमत नाही, उत्तर लिहावं लागते. अक्षर सुनेचं आहे, आरतीचं. बोलणं माहं. ऱ्हस्वदीर्घ काढाचं असलं तर तिचं काढ.

आता माही गंमत ऐक. आमच्याकडं मंगल कार्यालयात शिबिर झालं. डोळे, दात अन् हृदय, तिन्ही एकाच दारातून. फलकावर पुढाऱ्याचा फोटो एवढा मोठा होता की त्याच्याखाली बसल्या बसल्याच लोकांचे ठोके वाढले. माह्या छातीले गार गार चिमटे लावले, कागद निंघाला, अन् तिथली बाई म्हणे, आजी, यात गडबड दिसते, अमरावतीले जा. म्हटलं, मले तर काहीच होत नाही, बगीच्यात दिवसभर फिरतो मी. म्हणे, तेच तर, कळतच नाही माणसाले. असं म्हटल्यावर काय बोलाव? काही होत असलं तरी बिमार, नसलं तरी बिमार.

पोरानं, जीवननं, लगेच गाडी काढली. अमरावतीच्या दवाखान्यात एक रबराचा पट्टा आहे. आपण पुढं चालाचं अन् पट्टा मांगं जाते. माणूस जिथल्या तिथं. सरकारी कामासारखं. लुगडं अडकीन म्हणून नातीची, खुशीची, पॅन्ट आतून घातली अन् सहा मिनिटं चालली. छाती दुखली नाही, दम लागला नाही, भूक मात्र लागली. तरी डॉक्टर म्हणे कागदावरची रेघ खाली गेली, हृदयाच्या शिरेत अडथळा असू शकते. आता पुढच्या हप्त्यात मोठ्या मशीनमधून शिरांचा फोटो काढतील. तवरक घरातले सगळे माह्याइकडं असे पाहून राहिले जशी मी गेलीच आहे. आरतीनं भाजीत तेल टाकणं बंद केलं. हे लिहिताना तिनं पेन थांबवला होता. लिही म्हटलं.

अन् तुहं काय? तुही बायको, गोदा, फोनवर म्हणे, तुमचे भाऊ आजकाल झोपाले वरच्या खोलीत जात नाहीत, खालीच सतरंजी टाकतात. काहून?

तुही बहीण,
पार्बता

*

जठारपेठ, अकोला,
२ सप्टेंबर २०२४

ती. बाईस चंद्रभानचा साष्टांग नमस्कार.

पत्र पावले. राखीस येऊ शकलो नाही याचे कारण असे, की त्याच सुमारास माझ्याही हृदयाच्या तपासण्या चालू होत्या. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी माणसाने स्वतःहून परीक्षेस बसावे या मताचा मी आहे.

तू चाचणीत अनुत्तीर्ण झाल्याचे वाचून वाईट वाटले. आश्चर्य वाटले नाही. तयारीविना पट्ट्यावर चढल्यावर दुसरे काय होणार. मी पंधरा दिवस आधीपासून घरात जागच्या जागी चालण्याचा सराव केला होता.

येथील डॉ. अंकुर हा माझाच विद्यार्थी. आठवीत विज्ञानात पस्तीस गुण. आज त्याचा हृदयाचा मोठा दवाखाना आहे आणि भिंतीवर सात प्रमाणपत्रे आहेत. मी सगळी वाचून पाहिली. त्याने प्रथम सोनोग्राफीसारखे यंत्र छातीवर फिरवून हृदयाची इको केली. मला साठ टक्के मिळाले. म्हणजे प्रथम श्रेणी. शेजारच्या खुशालरावांना पासष्ट आहेत आणि ते गल्लीभर सांगत सुटले आहेत. पुनर्तपासणीचा अर्ज करावा असे मनात आहे.

त्यानंतर पट्टा. निकाल, "बदल आढळला नाही." सोबत छायाप्रत जोडली आहे. मूळ प्रत लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावली आहे.

जिन्याचे विचारलेस. वरच्या खोलीत ऊन फार येते, एवढेच. फिरणे नियमित चालू आहे. पूर्वी नेहरू पार्कपर्यंत जात असे, आता कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत जातो आणि वाटेत तीन ठिकाणी थांबून लोकांशी बोलतो. निवृत्त माणसाने समाजात मिसळावे.

तू मात्र पूर्ण विश्रांती घे. नापास झालेल्याने हिंडू नये.

तुझा,
चंद्रभान

*

वरूड,
१५ सप्टेंबर २०२४

चि. चंद्रभान यास आशीर्वाद.

नापास बहिणीचा निकाल ऐक. शिरांचा फोटो आला. दंडात सुई टोचून रंगाची दवाई सोडली, अंगभर गरम वाटलं, श्वास धर म्हणे, सोड म्हणे, झालं. शिरा साफ. आत साचते त्या चुन्याचा कण नाही. मी अमरावतीच्या डॉक्टरले विचारलं, मग तुमचा पट्टा काहून वरडला? तो म्हणे, आजी, बायांच्या बाबतीत पट्टा पुष्कळदा खोटाच वरडते, त्यात तुमाले कधी काही दुखलंही नव्हतं. हा फोटो साफ आला म्हणजे मात्र घोर सोडून द्या. म्हणजे शिबिर चुकलं, पट्टा चुकला, अन् तीन हप्ते बिनतेलाची भाजी मी खाल्ली. आरती आता रोज वांगं तेलात बुडवून त्याची भरपाई करून राहिली.

आता तुहा निकाल. तू कागद पाठवला ते बरं केलं. आरतीले म्हटलं पूर्ण वाच. म्हणे, आई, शेवटी लिहिलं आहे ना, बदल नाही. म्हटलं, शेवट मास्तरनं वाचला, आपण मधातलं वाचू. इंग्रजी आहे, तिनं तीनदा वाचून मराठीत सांगतलं. मधात असं आहे: ठोके जेवढे वाढाले पाहिजे होते तेवढे वाढाच्या आतच रुग्णाच्या सांगण्यावरून चाचणी थांबवली. निष्कर्ष अपुरा.

मास्तर, तीन तासांचा पेपर, अन् तू अर्ध्या तासात कोरा कागद देऊन उठला. त्यात चूक कुठून सापडीन? अन् तेच तू देवाशेजारी टांगलं.

बगीचा घ्याले व्यापारी येते तवा रस्त्यावरून सगळेच झाडं हिरवे दिसतात. समजदार व्यापारी आधी विचारते, पाणी कधी तोडलं, गळ किती झाली, बुडातून डिंक वाह्यते का. मग पाह्यते. ज्याले विचारलं त्यानं खरं सांगतलं तर त्याचं पाह्यणं कामाचं. तुह्या भाऊजीनं एका साली बुडाची माती उकरूच दिली नाही. वरून झाडं झकास, सौदा झकास. पुढच्या साली ते चाळीस झाडं सरपणाले गेले. व्यापाऱ्याचं काय गेलं? झाडं आपले होते.

तीन गोष्टी विचारून राहिली. पट्ट्यावरून काहून उतरला? अंकुरले तू तोंडानं काय सांगतलं? अन् ऑगस्टच्या झडीत कोनत्या खोलीत ऊन येते, ते मलेही पाह्याचं आहे.

पार्बता

*

अकोला,
२६ सप्टेंबर २०२४

ती. बाईस सा. न.

गुडघा दुखला म्हणून उतरलो.

डॉ. अंकुरने विचारले होते, "सर, चालताना, जिना चढताना छातीत काही होतं का?" मी म्हटले, "ते तू शोध." बाई, तुला शाळेचा अनुभव नाही म्हणून सांगतो. परीक्षकाने उत्तर आधी सांगायचे नसते. त्याची यंत्रे खरी असतील तर न सांगता शोधतील. मी सांगितल्यावर त्याने शोधले, तर त्यात त्याची हुशारी कोणती आणि यंत्राची अचूकता कोणती? पस्तीस गुणांच्या मुलास मी पेपर फोडून द्यावा काय?

तुला म्हणून लिहितो. चढावर छाती दाबल्यासारखी होते, डावा हात जड होतो. चार मिनिटे थांबलो की जाते. थांबल्यावर जाते त्याअर्थी तो वात आहे. ओवा खातो.

हे कोणास कळवू नये. आरतीसही वाचून विसरावयास सांग.

चंद्रभान

*

वरूड,
३० सप्टेंबर २०२४

डॉक्टर अंकुर यांस,

तुमचा पत्ता गोदाकडून घेतला. मी तुमच्या हेडमास्तरची मोठी बहीण, पार्बताबाई. मले लिहिता येत नाही, सून लिहून राहिली. पत्र लहान लिहितो, तुमाले पेशंट असतीन.

तुमी त्याले विचारलं, छातीत काही होते का. तो म्हणे तू शोध. मी शोधून देऊन राहिली. चढावर छाती दाबते, डावा हात जड पडते, चार मिनिटं थांबलं की जाते. हे त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून देल्लं आहे, कागद माह्याजवळ आहे. नेहरू पार्क सोडून तो आता कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंतच जाते, अन् तेवढ्यातही तीनदा थांबते. वर झोपाले जात नाही. तुमच्या पट्ट्यावरून तो गुडघ्यानं उतरला म्हणते. गुडघा चांगला आहे त्याचा. मे महिन्यात आमच्याकडच्या लग्नात तीन पंगती वाढल्या त्यानं, वाकू वाकू.

आणखी एक गोष्ट, ते त्यानं तुमाले नक्की सांगतली नसणार. आमचे बाबा पंचावन्नचे होते. वावरात धुऱ्यावर, बांधावर बसले, छातीवर हात ठेवून. वात झाला म्हणे, थोडा बसतो. उठले नाहीत. चंद्रभान तवा बारा वर्षांचा, पाण्याचा गडू घेऊन तोच गेला होता. तो हे विसरला नाही. विसरल्यासारखं करते.

तुमाले पस्तीस गुण देले होते हे तो सगळ्याइले सांगते. त्याचा राग असला तर तो बरा झाल्यावर काढा.

पार्बताबाई

*

अकोला,
८ ऑक्टोबर २०२४

आदरणीय पार्बताबाईंना नमस्कार.

सरांच्या तब्येतीबद्दल त्यांच्या परवानगीशिवाय मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. तुम्ही सांगितलेलं मात्र ऐकू शकतो, आणि ते मी दोनदा वाचलं.

सगळ्यांना सांगतो ते तुम्हालाही सांगतो. इको बसल्या जागी हृदयाचा पंप पाहते. शिरा अरुंद असल्या तरी पंप ठणठणीत दिसू शकतो. त्यातले साठ हे शंभरपैकी मिळालेले गुण नव्हेत, निरोगी माणसाचेही तेवढेच असतात. पट्टा पूर्ण चालला तरी शिरांचा आजार असलेल्या शंभरांपैकी तीसेक जण त्यातून निसटतात. अर्धवट चालला तर त्याला काही विचारूच नये. उलट ज्याला काहीच त्रास नाही त्याला तोच पट्टा उगाच घाबरवतो, ते तुम्ही भोगलंच. म्हणून कोणती तपासणी करायची आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, हे मशीन लावण्याआधी माणसाकडून ऐकलेल्या दोन वाक्यांवर ठरतं. ती वाक्यं मला आता मिळाली.

यात माझीही चूक आहे. चाचणी अपुरी राहिली हे मी लिहिलं, पण सरांना बसवून ठामपणे सांगायला हवं होतं, ते केलं नाही. "तू शोध" म्हणाले तेव्हा पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. आठवीत उभा राहायचो तसाच उभा राहिलो. उद्या त्यांना बोलावलं आहे.

आणि पस्तीस नव्हते. तेहतीस होते. वरचे दोन गुण सरांनी वाढवून दिले होते.

आपला,
अंकुर

*

अकोला,
१० ऑक्टोबर २०२४

ती. बाईस,

तू पेपर फोडलास. सख्ख्या बहिणीने फोडलास.

काल अंकुरने मला त्याच्या खुर्चीवर बसवले. स्वतः उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुमचे वडील गेले तेव्हा किती वर्षांचे होते?" बाहेर वीस माणसे बसली होती. मी त्याच्या कागदावर पंचावन्न असे लिहून दिले.

सोमवारी शिरांचा फोटो काढणार आहेत. तुझ्या आग्रहाखातर नव्हे, त्याच्या.

यापुढे आपला पत्रव्यवहार बंद समजावा.

चंद्रभान

*

अकोला,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. बाईस साष्टांग नमस्कार.

महिनाभर लिहिले नाही. आधी रागाने, मग सलाईनमुळे.

फोन गोदा करत होती, त्यामुळे तुला बरेच ठाऊक असेल. तरी क्रमाने लिहितो. शिरांच्या भिंतींत चुना इतका साचला होता, की फोटोत त्या जागी आतले नीट दिसेना. अंकुर म्हणाला, चुना असला की हा फोटो अडथळा वाढवूनही दाखवतो, अंदाज सत्तर टक्के आहे, पण यावर मी सही करणार नाही. क्षणभर मला सत्तर ऐकून बरे वाटले. सवय. मग मनगटातून बारीक नळी थेट हृदयाच्या शिरेपर्यंत नेली आणि पडद्यावर दाखवले. मुख्य शिरेत नव्वद. आयुष्यात पहिल्यांदा नव्वद टक्के मिळाले आणि पेढे वाटायची सोय नाही. तिथेच स्टेंट बसवला, म्हणजे जाळीची बारीक नळी. दिवाळीचे चार दिवस दवाखान्यात गेले. अंकुर म्हणाला, सर, अजून दोन महिने तसेच राहिला असता तर मला शोधायला काही उरलं नसतं.

आता वरच्या खोलीत झोपतो. मध्ये थांबत नाही.

एक लिहायचे राहिले. पट्ट्यावर चौथ्या मिनिटाला छाती दाबली तेव्हा मला बाबा दिसले, धुऱ्यावर बसलेले. माझ्या हातात गडू होता. मी अंकुरला म्हटले, गुडघा. मला भीती वाटली होती, बाई. न सांगितले तर नसेल असे वाटले.

असो. या अनुभवातून मी एक उपक्रम हाती घेतला आहे. जठारपेठेतील साठ वर्षांवरील सर्वांनी मनगटातून नळी घालून तपासून घ्यावे, असे मी घरोघरी सांगत आहे. बत्तीस नावांची यादी तयार आहे. पहिले नाव खुशालरावांचे. ते म्हणतात मला काही होत नाही, रोज सहा किलोमीटर चालतो. मी म्हटले, तेच तर, कळत नाही माणसाला. दुसरे नाव गोदाचे. तिसरे तुझे घालावे काय? कळव.

तुझा,
चंद्रभान

*

वरूड,
२० नोव्हेंबर २०२४

चि. चंद्रभान यास अनेक आशीर्वाद.

पत्र आलं. आरतीनं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा गडूच्या ठिकाणी आली तवा मीच म्हटलं, पुरे. मग चहा केला.

राग गेला ते बरं झालं. नसता गेला तरी चाललं असतं. मले रागीट भाऊ पाह्यजे होता, भिंतीवरचा नाही.

आता त्या यादीचं. खुशालरावाची छाती दुखत नाही, सहा किलोमीटर चालते, अन् तू त्याच्या मनगटात नळी घालाले निंघाला. तो पासष्टवाला आहे म्हणून का? अरे, तुहं दुखत होतं अन् तू सांगतलं नाही, म्हणून मशीन फसलं. त्याचं दुखतच नाही, तर त्याच्याइकडून काय वदवशील? मंगल कार्यालयातल्या बाईत अन् तुह्यात मग फरक कोनता? ते यादी चुलीत घाल. घरोघरी जाचंच असलं तर जा, अन् एकच विचार: चढावर छातीत काही होते का, अन् घरात कोनाचं असं झालं होतं का? ज्यानं हो म्हटलं त्याले अंकुरकडं ने. ज्यानं "वात आहे" म्हटलं त्याले हात धरून ने. बाकीच्याइले राम राम घालून ये, तेवढंच तुहं चालणं होईन. गोदाचं नाव पहिले खोड. तिच्या छातीले काही झालं असलं तर तुह्या पाई झालं असन.

अंकुरले सांग, माह्या म्हणण्यावरून ते दोन गुण कायम केले.

भाऊबीजेले तू दवाखान्यात होता. ज्या बाईचा भाऊ समोर नाही ते चंद्राले ओवाळते, तुले माहीत आहे. इतक्या वर्षांत माह्यावर हे पाळी आली नव्हती. संध्याकाळी खळ्यात ताट घेऊन उभी राह्यली, बीजेची बारीक कोर, संत्र्याच्या झाडामांगं लगेच बुडाले लागली. आरती म्हणे, आई, लवकर ओवाळा. तेलाची वात दोनदा विझली, दोनदा लावली. पुढच्या साली मले तो वरचा नको. माह्या पाटावर तू पाह्यजे.

डॉक्टरनं फिराले हो म्हटलं नसलं तर इतक्यात येऊ नको. पण ओवाळणी सोडणार नाही. गोदाच्या हातची जवसाची चटणी पाठव. जवस कोरडं भाजून, लसूण सालासकट, तिखट नेहमीचंच, मीठ तुह्या डब्यात कमी अन् माह्या डब्यात बरोबर. डबा मोठा पाह्यजे, अन् दाबून भर. वरून चार चमचे पसरून भरल्यासारखा दाखवशील, तर मी बुडापर्यंत हात घालून पाह्यीन.

तुही बहीण,
पार्बता